एक जागा राहिली

हे रचलेलं आहे असं ज्याला वाटायचं त्याला वाटू दे. मी स्वतः लाइट गेली की आधी फ्यूज बघणारा माणूस. पण ज्याच्या घरात हे घडलं तो माझा मावसभाऊ आहे आणि त्याला थाप मारताच येत नाही. लहानपणी नुसतं त्याच्या तोंडाकडे बघून मावशी ओळखायची, काच कोणी फोडली ते.

आणखी एक. ही रात्रीची गोष्ट नाही. रात्री तो घरी नसायचाच. जे काही झालं ते भर दुपारी, लख्ख उजेडाच्या खोलीत, उघड्या खिडकीखाली झालं.

त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. दादा एका बेकरीत रात्रपाळीला असतो. पहाटे भट्टी रिकामी करून घरी यायचं, झोपायचं आणि दुपारी उठून मुलीला सांभाळायचं, असा त्याचा दिवस. वहिनी चष्म्याच्या दुकानात नोकरीला. मुलगी पहिलीत. जन्मली तेव्हा गोलमटोल होती, म्हणून घरात तिचं नाव पडलं ठकी.

त्या वर्षी त्यांनी घर बदललं. जुन्या इमारतीत वरचा मजला मिळाला. आतल्या खोलीला ही मोठी खिडकी! ठकीची कॉट तिथेच लावली.

थोड्याच दिवसांत ठकीचं पोट दुखायला लागलं.

रोज.

शाळेतून यायची, जेवायची, कॉटवर आडवी व्हायची आणि थोड्या वेळानं कळवळायला लागायची.

आधी जंताचं औषध झालं. मग सोनोग्राफी. मग रक्त, लघवी, पुन्हा रक्त. सगळे रिपोर्ट नॉर्मल. बरं, कुठे दुखतं विचारलं तर पोरगी दर वेळी वेगळी जागा दाखवायची. कधी डावीकडे खाली, कधी बरगडीपाशी, कधी बेंबीच्या वर.

"दुखणं असं गावभर फिरत नाही हो," एक डॉक्टर हसत म्हणाले. "गृहपाठ जास्त असतो का?"

वहिनीलाही ते पटलं. "नाटकी झालीय कार्टी. तूच लाडावून ठेवलीयस."

"नाटक करून घाम येतो का?" दादा म्हणाला.

कारण घाम त्यानं पाहिला होता. ठकीचे फ्रॉक तिला ढगळ व्हायला लागले होते. घरात ठकी म्हणून हाक मारताना त्याला वाईट वाटायचं.

एका दुपारी तो स्वयंपाकघरात चहा करत होता. गॅस बंद केला, आणि त्या शांततेत त्याला आवाज आला...

सर्र... सर्र...

दोन कोरडे तळहात एकमेकांवर चोळावेत तसा. आतल्या खोलीतून.

चहाचा कप हातात घेऊनच तो दारात गेला. आवाज थांबला. ठकी कॉटवर सरळ उताणी पडली होती. फ्रॉक छातीपर्यंत वर. हात अंगालगत. डोळे छताकडे. ओठ हलत होते.

"काय करतेयस गं?"

"पक्षी मोजतेय."

"कुठले पक्षी?"

"वरचे."

दादानं वर पाहिलं. पांढरंशुभ्र छत. एक डागसुद्धा नाही.

त्याच्या हातातला चहा हिंदकळून पायावर सांडला.

कारण ते छत त्यानं स्वतः रंगवलं होतं. सामान आणण्याआधी, एकट्यानं. आणि रंगवण्याआधी तिथे, बरोबर कॉटच्या वर... फिकट निळे पक्षी काढलेले होते. लहान मुलांना आवडतील असे. दोन हात दिले तेव्हा कुठे ते झाकले गेले. ठकी तेव्हा आत्याकडे होती. तिनं ते पाहिले नव्हते आणि त्यानं कोणाला सांगितलंही नव्हतं.

"कोणी सांगितलं मोजायला?"

"त्यांनी. दुपारचे येतात ते." ठकी अगदी साधेपणानं म्हणाली. "मोजलं की दुखत नाही म्हणतात. पण दुखतं रे बाबा."

दुसऱ्या दिवशी दादा तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसला. खिडकीतून ऊन येत होतं. खाली कोणीतरी अंगणात बादली आपटली.

मग ती आदळआपट थांबली. रस्त्यावरचा आवाज थांबला. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकसुद्धा...

सर्र... सर्र...

या वेळी अगदी जवळ. त्याच्या कानाशेजारी.

आणि ठकीच्या पोटावर खळगे पडले.

पीठ फुगलंय की नाही हे बघायला दादा त्यात बोट दाबतो. खळगा पडतो, मग हळूहळू भरून येतो. उभा जन्म त्यानं तेच पाहिलंय. हे तसेच होते. शेजारीशेजारी तीन खळगे, लांब बोटांचे. दाबले गेले, भरून आले, थोडे पुढे सरकून पुन्हा दाबले गेले.

फक्त बोटं नव्हती.

त्यानं ठकीला उचललं आणि तसाच अनवाणी जिना उतरला.

संध्याकाळी दोघं तिला मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेले. तिथल्या मुलांच्या डॉक्टरीणबाई मायाळू होत्या. त्यांच्याभोवती शिकाऊ डॉक्टरांचा घोळका होता. बाईंनी ठकीला टेबलावर झोपवलं आणि आपले दोन्ही तळहात एकमेकांवर चोळले.

सर्र... सर्र...

दादाच्या अंगावर सरसरून काटा आला.

"लहान मुलांना गार हात लावायचा नाही," बाई शिकाऊ पोरांना सांगत होत्या. "आणि दुखरी जागा आधी कधी दाबायची नाही. लांबून सुरुवात करायची. फिरत फिरत यायचं. दुखतं ती जागा सगळ्यात शेवटी."

"ते पण असंच करतात," ठकी म्हणाली.

"कोण गं?" बाई हसल्या.

ठकी छताकडे बघायला लागली. दादाला मात्र उलगडा झाला. दुखणं फिरत नव्हतं. कोणीतरी तपासत होतं. रोज थोडं थोडं, लांबून... जवळ येत.

बाईंनाही काही सापडलं नाही.

तळमजल्यावर घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा राहायचे. दादानं त्यांना गाठलं. छतावरच्या पक्ष्यांचं नाव काढल्याबरोबर त्यांनी डोळ्याचं भिंग खाली ठेवलं.

"तुम्हाला कोणी बोललं नाही वाटतं. वर मुलांचा दवाखाना होता. उजेड चांगला म्हणून तपासायचं टेबल खिडकीखाली. पोरांनी घाबरू नये, वर बघावं, म्हणून पक्षी रंगवून घेतले होते डॉक्टरांनी. देवमाणूस हो."

"मग?"

"एक मुलगी आणली होती. तुमच्या ठकीएवढीच. पोट दुखतंय म्हणून. त्यांनी दाबून बघितलं, म्हणाले, काही नाही, उद्या परत बघू." आजोबांनी भिंग उचलून पुसलं. "तिचा उद्या उजाडलाच नाही."

दादा तिथल्या स्टुलावर बसला.

"त्यानंतर माणूस बदलला. पोट दुखतंय म्हणून पोर आलं की टेबलावरून उठूच देईनात. दाबून दाबून बघायचे. पोरं रडायची. लोकांनी यायचं बंद केलं. मग एकटेच बसायचे दुपारचे त्या खोलीत, हात चोळत."

"आता कुठे असतात?"

"आता कुठे असणार? गेले. तिथेच गेले."

वहिनी असल्या गोष्टींची टर उडवणारी. त्या दिवशी तिनं उडवली नाही. कॉट स्वतः ओढत बाहेरच्या खोलीत आणली आणि आतल्या खोलीला कुलूप लावलं.

"पुन्हा ती तिथे गेली तर याद राख," ती दादाला म्हणाली.

आणि पोटदुखी थांबली!

ठकी पोटभर जेवायला लागली. उड्या मारायला लागली. दादाला वाटलं, सुटलो एकदाचे. फक्त एकदा, बुटाची नाडी बांधता बांधता ती म्हणाली, "बाबा, ते म्हणाले होते, एक जागा राहिली."

त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

बंद खोलीतून दुपारी आवाज यायचा. दादा रेडिओ मोठा करायचा.

मग एक दिवस ठकी शाळेतून आली ती मलूल. जेवली नाही. दोनदा उलटी झाली. पोट दुखतंय का विचारलं तर नुसतं कण्हली. दादानं ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला.

"अपचन असेल," ते म्हणाले. "पाणी पाजत राहा. उद्या परत बघू."

उद्या परत बघू.

फोन ठेवला, आणि आतल्या खोलीतून आवाज सुरू झाला. रोजच्यासारखा संथ नाही. भराभर. घाईघाईनं. सर्र सर्र सर्र सर्र... दाराच्या अगदी पलीकडे, फळीला लागून.

ठकीनं डोळे उघडले. "बाबा, एक जागा राहिलीय ना."

पुढचं सांगताना दादानं माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यानं कुलूप काढलं. ठकीला उचलून आत नेलं. कॉट नव्हती, म्हणून खिडकीखाली जमिनीवरच चादर घालून तिला झोपवलं. तिचा हात घट्ट धरला. आपण पोटच्या पोरीला कोणाच्या हाती देतोय, हे त्याला कळत होतं.

आवाज थांबला.

"वर बघ, बाळा," दादाच म्हणाला.

ठकीनं पांढऱ्या छताकडे पाहिलं आणि पुटपुटत मोजायला सुरुवात केली.

खळगे पडायला लागले. डावीकडे खाली. मग वर. मग बरगडीखालून पलीकडे. या वेळी कुठेही रेंगाळले नाहीत. फिरत फिरत आले... उजवीकडे खाली... आणि तिथे थांबले.

खोल दाबले गेले.

आणि एकदम सुटले.

ठकी अशी किंचाळली की खालचे आजोबा जिन्यात आले. दादानं तिला छातीशी धरलं. ती थरथरत होती, पण बघत होती त्याच्या खांद्यावरून मागे. रिकाम्या भिंतीकडे.

"बाबा, ते रडतायत," ती म्हणाली. "ते म्हणतात, उद्या नाही. आत्ता."

मिळेल त्या गाडीनं दादा हॉस्पिटलात पोचला. संध्याकाळच्या आत ठकी ऑपरेशन थिएटरमध्ये होती.

"काही मुलांच्या पोटात जन्मापासून एक बारीकसा पट्टा असतो," सर्जन नंतर म्हणाले. "आतडं त्यात अडकतं, सुटतं. सुटलेलं असताना कुठल्याच फोटोत दिसत नाही. आज पक्कं अडकलं होतं. उद्यावर ढकललं असतं तर मी काही करू शकलो नसतो."

वहिनी ओक्साबोक्शी रडली. दादानं तिला तिथेच सगळं सांगितलं. कुलूप, चादर, सगळं. तिनं त्याचा हात धरला नाही आणि झिडकारलाही नाही.

सर्जन दारातून परत फिरले.

"एक विचारायचं राहिलं. हिला पोटावर कधी मार लागला होता का? आतड्यावर काळेनिळे डाग होते. जुने आणि नवे. बोटांच्या टोकाएवढे."

दादाला तेव्हापासून एकच प्रश्न छळतोय. त्या माणसानं दुखणं शोधून काढलं... की दाबून दाबून तयार केलं? त्या घरात येण्याआधी ठकीचं पोट एकदाही दुखलं नव्हतं.

त्यांनी ते घर सोडलं. आता शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात, नव्या इमारतीत. ठकी पुन्हा गोलमटोल झाली. पोटदुखी नाही, काही नाही. इथे संपलं असतं तर मी हे लिहीत बसलो नसतो.

मागच्या आठवड्यात दादा दुपारचा पडला होता. ठकी येऊन शेजारी बसली. तिनं दोन्ही तळहात एकमेकांवर चोळले.

"बाबा, वर बघ."

"डॉक्टर-डॉक्टर खेळतेस होय?" दादा हसला.

ती हसली नाही. तिनं त्याचा बनियन वर केला आणि डावीकडे खाली बोटं टेकवली. एवढे हात चोळूनही बोटं बर्फासारखी गार. त्यानं मान उचलून पाहिलं. ठकीची बोटं इवलीशी...

खळगे मात्र लांब होते.

"आज एवढंच," ठकी म्हणाली. "उद्या परत बघू."

दादानं त्याच संध्याकाळी जाऊन सगळ्या तपासण्या करून घेतल्या. सोनोग्राफी, रक्त, सगळं.

सगळे रिपोर्ट नॉर्मल.

ठकीला विचारलं तर तिला काहीच आठवत नाही. पण दुपार झाली की ती येऊन बसते. एका सुट्टीच्या दिवशी वहिनीनं दादाच्या खोलीला आतून कडी लावली, तर ठकी दाराबाहेर उभी राहून हात चोळत राहिली. शेवटी दादानंच दार उघडलं.

काल त्याचा फोन आला.

"ती म्हणाली, बाबा, आता एकच जागा राहिली," तो म्हणाला. "मी घाबरू की आभार मानू, तूच सांग."

उद्या निवांत बोलू असं म्हणून मी फोन ठेवला, आणि ठेवल्यावर आपण काय बोललो ते लक्षात आलं.

आता दुपार कलायला आली आहे. मी सकाळपासून फोन लावतोय.

तो उचलत नाहीये.