आठवी घंटी

इलेक्ट्रिक सायकलवरून पाहुण्यांना शहर दाखवणं हा आमचा नवरा-बायकोचा धंदा. मी पुढे, ती सगळ्यांच्या मागे. रहदारीत सारखी मान वळवून माणसं मोजत बसलो तर एखाद्या खांबावर आदळेन, म्हणून नियम असा: वळण घेतलं की पुढून मागे एकेकाने घंटी वाजवायची. सहा पाहुण्यांच्या सहा, सातवी बायकोची. सातवी ऐकली की मी वेग वाढवतो. यात आजवर कधी चूक झाली नव्हती आणि त्याची मला जरा घमेंडच होती.

त्या दुपारी बंद गिरणीच्या वळणावर आठ घंट्या वाजल्या.

कुणाला तरी चेष्टा सुचलीय, असं मी वॉकीटॉकीवर बायकोला म्हणालो. एरवी ती हसली असती.

"अहो, ती माझ्या मागून वाजली," ती हळूच म्हणाली. "आणि मागे कुणीच नाहीये."

भिंतींमुळे आवाज घुमतो, अशी मी तिची समजूत घातली. पुढचं वळण बागेपाशी होतं, तिथे भिंती नव्हत्या. तिथेही आठच. या वेळी सातवी आणि आठवी अगदी लागून वाजल्या. तिच्या सायकलची बॅटरी भराभर उतरतेय, मागे कुणी बसल्यासारखी, असं ती वॉकीटॉकीवर म्हणाली. तेव्हाच तिला पुढे बोलवायला हवं होतं. पाहुण्यांसमोर शोभा नको, म्हणून मी तसाच पुढे निघालो.

मग रेल्वेखालचा बोगदा आला. आत ओल, गार वारा, मंद पिवळे दिवे. बाहेर पडून वळलो आणि कान टवकारले.

सात.

जीव भांड्यात पडला. मी वेग वाढवला तो थेट धक्क्यावर थांबलो.

एकामागून एक सहा पाहुणे आले. शेवटच्या निवृत्त मास्तरांनी सातवी घंटी अगदी कानाशी ऐकली होती, म्हणून त्यांनी मागे पाहिलंच नव्हतं.

रस्ता रिकामा होता.

वॉकीटॉकीत मी तिला हाका मारत सुटलो.

"ओरडताय कशाला?" तिचा आवाज आला. पाठीमागे पाणी ठिबकत होतं. "तुमच्या मागेच तर आहे. हा बोगदा आज संपतच नाही."

"थांब," मी म्हणालो. "तो मी नाही. मी धक्क्यावर उभा आहे."

तिचे ब्रेक करकरले.

मग तिच्या अगदी जवळून, शांतपणे, माझाच आवाज आला.

"ते बंद कर आणि चल."

आणि तिने ते बंद केलं.