दोघं जावा

पुंजाराम आणि चतुराबाईनं तोवर समुद्र पाहिला नव्हता. सोयगावकडची शेती बटाईनं देऊन ती दोघं औरंगाबादेत आली, औरंगपुऱ्यात माडीवरच्या दोन खोल्यांत राहू लागली, त्यालाही बरीच वर्षं झाली होती. पाणी म्हणजे नळाचं, तेही दिवसाआड. म्हणून धाकटा दीर काकासाहेब मोसंबीचा टेम्पो घेऊन कोकणात निघाला तेव्हा म्हणाला, "वहिनी, चला की. माल उतरवू अन् तुमाला समुद्र दाखवू."

सासू लवकर गेली होती. काकासाहेबाला चतुराबाईनंच भरवून, न्हाऊ घालून लहानाचा मोठा केला होता. त्याचा शब्द तिच्यानं मोडवत नसे.

माल उतरवून झाला आणि परतीच्या वाटेवर किनाऱ्यालगत पाण्यात उभा असलेला एक किल्ला दिसला. ओहोटी लागलेली होती, वाळूतून थेट दरवाजापर्यंत चालत जाता येत होतं. भर दुपारची वेळ. तिघं चपला हातात घेऊन निघाली.

आत शिरल्याबरोबर वारा पडला. भिंतींना ओल्या चुन्याचा आणि कुजक्या शेवाळाचा वास येत होता. एक पाखरू नाही. तटाला तोफांसाठी ठेवलेली भोकं ओळीनं काळी दिसत होती आणि ती बाहेर नाही, आत बघतायत असं चतुराबाईला वाटलं. न बोलावता कुणाच्या घरात पंगत मांडलेली असताना शिरावं, आणि सगळ्यांनी जेवता जेवता हात थांबवावा, तसं.

"जाऊ या वो माघारी," ती म्हणाली.

"आत्ताच तर आलो." पुंजाराम बुरुजावर चढला. रानात गुरांना घालतात तशी त्यानं लांबलचक आरोळी घातली.

आरोळी घुमली नाही. दगडानं गिळून टाकल्यासारखी गेली. मग बुरुजाच्या पोटातून कुणीतरी विचारलं, "कोण गाव?"

खाली कुणी राखणदार असेल, असं वाटून पुंजाराम हसला. "औरंगाबाद!"

"किती जण?"

"तिघं!"

लाटांचा आवाज थांबला. सगळाच थांबला. मग तोच आवाज आला, या खेपेला अगदी जवळून, भिंतीला पलीकडून तोंड लावावं तसा.

"दोघं जावा."

पुंजारामचं हसू मावळलं. तो खाली आला तो धडपडतच. तिघंही दरवाजाकडं पळाली आणि थबकली. मघाशी कोरडी असलेली देवडी पाण्यानं भरली होती. कमानीपलीकडं कोरडी वाळू लख्ख उन्हात दिसत होती. पाणी तेवढं आत होतं, काळं, थंडगार, आणि चढत होतं. काकासाहेब त्यात उतरला तर छातीपर्यंत बुडाला. त्यानं कसंबसं अंग मागं ओढलं.

"पायाला धरतंय..." तो म्हणाला. ओठ पांढरे पडले होते.

"कोण?" भिंतीनं विचारलं.

पाणी चतुराबाईच्या कमरेला लागलं.

"कोण ऱ्हातंय?"

पुंजारामनं एकदा भावाकडं पाहिलं, एकदा बायकोकडं. मग त्यानं दोघांकडं पाठ फिरवली, भिंतीला तोंड लावलं आणि काहीतरी पुटपुटला. चतुराबाईला ऐकू आलं नाही. काकासाहेब त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. त्यानं झटकन मान वर केली आणि भावाकडं बघतच राहिला.

पाणी उतरलं. तिघंही बाहेर पडली.

टेम्पोनं घाट चढल्यावर चतुराबाईनं विचारलं, "कुणाचं नाव घेतलं वो?"

"कुणाचं नाय."

काकासाहेबानं गिअर टाकला.

त्यानंतर तो औरंगपुरा सोडीना. बाहेरगावची भाडी बंद केली, दुपारचं जेवण रोज वहिनीकडं. चतुराबाईला बरं वाटलं. पुंजाराम मात्र भावाच्या नजरेला नजर देईनासा झाला.

उन्हाळा कडक लागला होता. एका दुपारी काकासाहेब जेवत होता, चतुराबाई तव्यावरची भाकरी उलटत होती, पुंजाराम खाटेवर तंबाखू मळत होता. खाली गल्लीत रिक्षांची कलकल चालू होती. ती एकाएकी थांबली.

"चतुराबाई..."

हाक खालून आली. आवाज तिनं ओळखला. तिचं नाव पुंजारामनं लग्नात घास भरवताना घेतलं होतं, तेवढंच. पुन्हा कधी नाही. मग या आवाजाला ते सांगितलं कुणी? तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो तंबाखू मळत होता. मान खाली घालून.

"चतुराबाई..."

छातीतून आपोआप ओ वर आली. तोंड उघडलं. तेवढ्यात काकासाहेबानं भाजीनं माखलेला हात तिच्या तोंडावर घट्ट दाबला.

"नगं वहिनी. म्या तवाच ऐकलं हुतं."

दुसऱ्या हातानं त्यानं खिडकी उघडली.

"ओ!" तो ओरडला. "आलो!"

"काकासाहेब, नगं रं..."

"दार लावून घ्या," तो म्हणाला आणि जिना उतरला. तिनं दारापर्यंत जाऊन पाहिलं तर जिना रिकामा होता. ती तशीच अनवाणी खाली धावली. गल्लीत पुन्हा कलकल सुरू झाली होती. ऊन नुसतं भाजत होतं. कोपऱ्यावरचा पानवाला फकिरा टपरीतून मान बाहेर काढून शहागंजच्या दिशेला बघत होता, चेहऱ्यावरचं हसू अर्धवट पुसलेलं.

"भाऊजी दिसले का?"

"दिसले की," फकिरा म्हणाला. "मस्करी करायलेत वाटलं. पँट गुडघ्यावर धरून चालले हुते, वढ्यातून चालत्यात तसं. पुढं गेले तर दोन्ही हात वर. लोक हसायले. म्या बी हसलो." त्यानं विजेच्या खांबाकडं बोट केलं. "त्या खांबापाशी गेले तवा टाचा वर करून, मान ताणून, हनवटी आभाळाकडं. तोंडातून थुकायले, पाणी गेल्यावानी. वहिनी, रस्ता तर कोरडा ठक्क हाय... अन् मग केस दिसले थोडा वेळ."