ठिणगी आणि बसवाला

तंबूची आणखी एक खुंटी वाकली आणि ठिणगीनं कपाळावर हात मारून घेतला. जागा सपाट दिसली म्हणून बाबांनी तंबू थेट जुन्या रेल्वेमार्गावरच ठोकायला घेतला होता. रूळ कधीच उचलून नेले होते, पण खाली खडी तशीच. त्यात खुंटी रुतणार कशी? पण सांगायचं कोणी? बाबा याच मार्गावरचे शेवटचे इंजिन ड्रायव्हर.

"दोऱ्या दगडांना बांधल्या तर?" मागून कुणीतरी विचारलं.

एक अनोळखी तरुण. पाठीवर पिशवी, चेहऱ्यावर हसू... आणि उत्तराची वाट न पाहता तो दगड गोळा करायला लागलासुद्धा. ठिणगीनं दोरी पुढे केली. बोटांना बोटं लागली — आणि दोघांनीही ती जरा उशिराच मागे घेतली.

संध्याकाळी सगळे फुलं पाहायला निघाले, तर आईनं त्यालाही आग्रहानं बरोबर घेतलं. दोन्हीकडच्या उतारांवर रानफुलांनी नुसता दंगा मांडला होता. जांभळी, पिवळी, मध्येच एखादं लालभडक. पुढे बाबा, गळ्यात शिट्टी. आखूड आखूड वाजली की परत फिरायचं, एक लांब वाजली की निघायचं. ठिणगी लहान होती तेव्हापासून घर या शिट्टीवर चालत होतं.

"फुलं बघताय की मला?" मागे रेंगाळत तिनं विचारलं.

"तुम्ही काय करता ते आधी सांगा. मग ठरवतो, खरं बोलायचं की नाही."

"चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते."

"मेलो! मग लपवून काय उपयोग?"

ती खळखळून हसली. "आणि तुम्ही?"

तो घुटमळला. "मी... बस चालवतो."

ठिणगीचं हसू मावळलं. बस आल्या आणि बाबांची गाडी बंद पडली. तेव्हापासून त्यांच्यात आणि बसवाल्यांत विस्तव जात नव्हता.

"बाबांना बँकेत आहे म्हणून सांगा ना... प्लीज."

"आज त्यांच्याशी खोटं बोललो, तर उद्या माझं काय खरं मानाल तुम्ही?"

ते वाक्य तिला रात्रभर टोचत राहिलं, पाठीखालच्या खडीसारखं.

सकाळी तो निरोप घ्यायला आला. चहा ओतता ओतता बाबांनी विचारलंच, "काय करता हो तुम्ही?"

त्यानं तोंड उघडायच्या आत ठिणगी म्हणाली, "बस चालवतो. आणि मला तो आवडलाय."

आईचा कप हवेतच राहिला. बाबांचा पारा चढला. "यांनीच माझी गाडी बंद पाडली!"

"तेव्हा हा शाळेत होता, बाबा. आम्ही पुढच्या जुन्या रेल्वे बोगद्यापर्यंत जाऊन येतो."

"मी परवानगी दिलेली नाही!"

"मी मागितलेलीही नाही."

ती चालू लागली. डोळे भरून आले होते, पण पाय थांबले नाहीत. मागून शिट्टी वाजली. आखूड... आखूड... आखूड. आयुष्यात पहिल्यांदाच ती वळली नाही.

"थांबायचं का?" त्यानं हळूच विचारलं.

"हात दाखवला की बस थांबते. मी इंजिन ड्रायव्हरची मुलगी आहे, सुटले की सुटले!"

फुलांच्या वळणापर्यंत मागे नुसती शांतता होती. मग एक शिट्टी आली. लांब, चिरकी, चिडलेली... पण एकच.

"नसती वाजली तरी गेलेच असते," ठिणगी डोळे पुसत म्हणाली, आणि तिनं त्याचा हात धरला.