माझ्या वतीने

काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात मी तपासणीला होते. पट्ट्यावरून बाटल्या सरकायच्या, एकमेकींवर आपटायच्या, आणि तो खणखणाट दिवसभर कानात भरायचा. त्यातच ऐकू येणं कमी होत गेलं. आधी फोन सुटला, मग पाठीमागून मारलेल्या हाका, मग जेवतानाचे विनोद. सगळे हसले की मीही हसायचे. पुढे तेही सोडलं. "काही नाही गं, असंच," हे वाक्य मला नुसत्या ओठांवरून ओळखता यायला लागलं.

शेवटी मुलीने हट्टच धरला आणि मी दोन्ही कानांना मशीन लावून घेतलं. लावणाऱ्या बाई म्हणाल्या, "सुरुवातीला सगळंच अंगावर येईल. तुमचा स्वतःचा आवाजसुद्धा घागरीतून आल्यासारखा वाटेल. सवय होते हळूहळू."

खरंच अंगावर आलं. नवऱ्याने पेपर उलगडला तर कुणी पत्रा फाडतंय असं वाटलं. माझ्याच चपलांना दचकून मी मागे वळून पाहिलं. नवरा हसला, आणि ते हसणं मला ऐकू आलं. किती वर्षांनी! मला रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. आत स्वयंपाकघरात नवरा बोलत होता. माझ्याशी तो कायम तुटक, ओरडून बोलायचा. बिचाऱ्याला इलाज नव्हता. पण हा आवाज मोकळा होता. ऑफिसातल्या जुन्या साहेबाची तो नक्कल करत होता, आणि कुणीतरी बाई खळखळून हसत होती. "पुरे हो तुमचं, पोट दुखायला लागलं," ती म्हणाली.

मी आत गेले. तो एकटाच चहा गाळत होता.

"कोण आलं होतं?"

"कोण येणार? आपणच दोघं तर बोलतोय मघापासून."

बाटलीतला केसाएवढा तडा शोधण्यात माझी सगळी नोकरी सरली. भलतंसलतं मनात घेणाऱ्यांतली मी नव्हे. मशीन बिघडलं असेल म्हणून पुसलं, सेल बदलले. आवाज आणखी स्वच्छ यायला लागला.

रविवारी मुलगी आली. शेजारी बसून म्हणाली, "आई, बाळ गेलं तेव्हा तू रोज फोनवर बोललीस म्हणून मी उभी राहिले. नाहीतर माझं काही खरं नव्हतं."

बाळ? कुठलं बाळ? मी तर कित्येक वर्षांत फोन कानाला लावला नव्हता. मी विचारायला तोंड उघडलं.

"अगं, आईला नाही सांगणार तर कुणाला?" माझ्या खांद्यामागून कुणीतरी म्हणालं.

मुलीने माझा हात घट्ट दाबला. तिचे डोळे भरून आले होते. मागे फक्त भिंत होती.

तेव्हा तो आवाज मी ओळखला. माझाच होता, कान जाण्याआधीचा. घागरीतून वगैरे नाही, अगदी मोकळा.

मशीनच्या तपासणीला गेले तेव्हा सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं. बाई कॉम्प्युटरकडे बघत होत्या.

"काही त्रास?"

"छे, उलट तुमचे उपकार झाले," मी तोंड उघडण्याआधीच त्या आवाजाने उत्तर दिलं.

मी जोरजोरात नकारार्थी मान हलवली. बाईंची बाही धरली.

"अहो, उपकार कसले त्यात!" माझा हात थोपटत त्या म्हणाल्या. शेजारी बसलेला नवरा खूश होऊन उठला.

घरी येऊन मी मशीन काढून ठेवलं. सगळं गप्प झालं. समोर नवऱ्याचे ओठ हलत होते. थांबत होते. हसत होते. पुन्हा हलत होते.

पूर्वीही असंच चालायचं. मला वाटायचं, तो स्वतःशीच बोलतो.

मी मशीन परत लावलं. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"अहो, ती मी नाही! मी इथे आहे!"

घसा फाटेपर्यंत ओरडले. त्याच्या कपात चमचा फिरत होता, तो ऐकू आला. शर्टाची सळसळ ऐकू आली. माझा आवाज तेवढा आला नाही.

त्याने चमचा थांबवला. कान देऊन काहीतरी ऐकलं.

"बरं," तो प्रेमाने म्हणाला, "तू म्हणशील तसं."