सातव्या अडथळ्याचे पाय

"म्याडम, आधी ह्या मेंढक्याला आत टाका!"

भोरच्या मैदानावर पाय ठेवला तोच हवालदार दीपमालाच्या कानांवर हे पडलं. चौघांनी सोमनाथला दाबून धरलं होतं. ओठ फुटलेला, पागोटं धुळीत.

"हात काढा आधी त्याच्या अंगावरचे!" ती कडाडली. एकाला मारायला चारचौघं लागतात, आणि वर मर्दुमकीचा आव!

सकाळी साडेसहाला सराव करताना धावपटू नूतन सातव्या अडथळ्यावर आदळली होती. गुडघा कामातून गेला. नऊ दिवसांनी आशियाई स्पर्धेचं विमान होतं, शंभर मीटर अडथळ्यांसाठी. आता तिच्या जागी राखीव असलेली प्रगती जाणार.

दीपमाला स्वतः पोलिसांच्या स्पर्धेत अडथळे धावलेली. लोखंडी अडथळ्याचे पाय धावणाऱ्याकडे असावे लागतात, म्हणजे धक्का बसला की तो पुढे कलंडतो. हा कुणीतरी उलटा ठेवला होता. तो कलंडला नाही, पोरीचा पाय कलंडला. धुक्यात तिला ते दिसणार तरी कसं?

दीपमाला खाली बसली. सगळी माती दवानं ओली. अडथळ्याच्या आडव्या फळीच्या अलीकडे मात्र दोन पट्टे कोरडे ठणठणीत.

"सर, फीत द्या."

दोन्ही मुलींचे प्रशिक्षक कुंडलिक सर. त्यांनी पिशवीतून कापडी फीत काढली. ओली, चिखलानं माखलेली, बोटांना चिकटत होती. सहाव्यापासून सातव्याच्या फळीपर्यंत दीपमालानं मोजलं. नियमाप्रमाणे साडेआठ मीटर, बोटभरही फरक नाही.

"शेवटचं कधी मोजलंत?"

"काल संध्याकाळी. सगळं नीट होतं. सकाळी आरडाओरडा ऐकूनच धावत आलो. काल ह्याची मेंढरं हाकलली, त्याचा राग काढला ह्यानं."

"भांडलो, व्हय!" सोमनाथ रक्त पुसत म्हणाला. "पर त्यातलं उलटं-सुलटं मला काय कळतंय? पोरीच्या पायावर कशाला उठू म्या?"

"ही त्या प्रगतीचीच करणी!" नूतनची आई गीताबाई किंचाळली. "आमच्या पोरीनं अर्जावर प्रशिक्षक म्हनून दिल्लीच्या सरांचं नाव घातलं, तवापासनं हितं समद्यांचीच तोंडं वाकडी!"

"प्रगतीचं नाव घेऊ नका," कुंडलिक सर लगेच म्हणाले. "ती काल एस्टीनं घरी, हिर्डोशीला गेली."

दीपमालानं हिर्डोशीच्या पोलीस पाटलांना फोन लावला. प्रगती पहाटेपासून खळ्यावर भात झोडत होती, त्यांच्या डोळ्यांदेखत.

दुपारी दवाखान्यात नूतनच्या खाटेशी दीपमालानं सगळ्यांना उभं केलं.

"अडथळा रात्री उलटवला असता, तर पायांखालची कोरडी जागा त्याच्या नव्या पायांखाली असती. ती जुन्या जागी होती. म्हणजे दव पडून गेल्यावर, पहाटे उलटवला. तेव्हा प्रगती हिर्डोशीला होती."

"मग सोमनाथच!" कुंडलिक सर म्हणाले.

"नाही. नुसता गर्रकन फिरवला, तर फळी दोन फूट सरकते. नूतनची पावलं चुकली असती, ती थांबली असती. ही फळी बरोबर साडेआठ मीटरवरच होती. मापाची जाण असलेल्यानं उचलून, मोजून ठेवली. मोजायला फीत लागते. काल संध्याकाळी कोरड्या मातीवर वापरलेली फीत सकाळी चिखलानं ओली कशी, सर?"

 कुंडलिक सर एकदम उसळले.

"बारा वर्षं! हिला पळता येत नव्हतं धड, तेव्हापासून मी उन्हातान्हात घाम गाळला. आणि नाव दुसऱ्याचं? प्रगतीनं माझं लिहिलं असतं!"

"मुडदा बशिवला तुजा!" गीताबाई त्यांच्या अंगावर धावली. दीपमालानं तिला कसंबसं आवरलं. तिचेही हात शिवशिवत होतेच.

नूतन छताकडे बघत पडली होती. 

"आई, गप बस. प्रगतीला माझे बूट दे," ती म्हणाली. मग तिनं मान वळवली.

"माझा पाय मोडायचा होता तुमाला, सर. तरी साडेआठ मीटर बरोबर मोजलंत. मी तुमच्या ह्याच मापावर डोळं झाकून धावत होते."