दुसरा वाडगा

नारीन गावच्या त्या लहानशा दूरचित्रवाहिनीत गुरुवार हा संकलनाचा दिवस असे. अनारकान पहाटेची नमाज आटोपून, दुधाचा चहा घेऊन नऊच्या आत पोचायची. हीटर लावायची, शाल खुर्चीच्या पाठीला अडकवायची आणि पडद्यासमोर बसायची. चोवीस वर्षं हाच क्रम होता. खिडकीतून नदी दिसत नसे, पण तिचा आवाज खोलीत कायम असायचा. बाहेरून कोळशाच्या धुराचा वास यायचा.

कार्यक्रमाचं नाव ‘दूरच्यांना सलाम’. गावोगाव कॅमेरा न्यायचा आणि रशियात कामाला गेलेल्या पोरांसाठी आईबापांनी चार शब्द बोलायचे. एके काळी रविवारी दुपारी हा कार्यक्रम लागला की बाजार ओस पडायचा. कॅमेरामन तोलोगोनला लग्नकार्यात वरच्या बाजूला बसवून मेंढीचा मानाचा तुकडा वाढायचे. मग घरोघर फोन आले. वाहिनीत आता चार माणसं उरली होती आणि म्हाताऱ्यांच्या हट्टापायी हा एकच कार्यक्रम तग धरून होता.

“आपण टपालाचे घोडे, अनारकान,” तोलोगोन म्हणायचा. “रस्त्यावर मोटारी आल्या, तरी आपण दाणा मागतोय.”

ऑक्टोबरच्या शेवटी, अशाच एका गुरुवारी, अत-बाशी गावचा सामत आला. त्याची आई झेनेप आपा या कार्यक्रमातली सगळ्यात जुनी. कामचात्काला मासळीच्या कारखान्यात असलेल्या धाकट्या मुलाला, मेलिसला, ती सहा वर्षं दर रविवारी सलाम सांगत होती. दर आठवड्याला तिच्याकडे जाणं कुठलं जमायला? वसंतात एकदा आणि हिवाळ्यात एकदा जायचं आणि एका बैठकीत तीसेक सलाम टिपून आणायचे. प्रत्येक सलामाला आपा डोक्यावरचा रुमाल बदलायची, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, दिवस वेगळा आहे. “नटीपेक्षा माझे कपडे जास्त,” म्हणून स्वतःच हसायची.

“आपा गेली, एजे,” थोरल्या बहिणीला सांगावं तसं सामत म्हणाला. “नऊ दिवस झाले.”

अनारकाननं तळवे उघडून दुवा केली आणि ते चेहऱ्यावरून फिरवले. “मेलिसला कळवलंत?”

“कसं कळवायचं? तो तिथं एकटा. बोट मिळायला अजून तीन आठवडे आहेत. घरी आला की थोरली माणसं समोर बसवून सांगतील, रीतीनं.” सामत थांबला. “पण रविवारी आपा दिसली नाही, तर तो ओळखेल. तिला फोनवर ऐकू येत नव्हतं, म्हणून तो इंटरनेटवर हेच बघायचा. उरल्यासुरल्यातून तीन सलाम जोडून द्या.”

“हे खोटं होईल रे.”

“खोटं नाही, एजे. नुसता उशीर आहे.”

तिनं मान डोलावली. परमुलखात, आपलं माणूस शेजारी नसताना अशी बातमी कानावर पडू नये, हे तिलाही पटत होतं. तिचा मुलगा एर्मेक येकातेरिनबुर्गला इमारतींच्या कामावर होता. उद्या आपलं काही बरंवाईट झालं, तर त्यालाही असंच कुणीतरी सांभाळून घ्यावं, असं तिच्या मनात आलं.

एर्मेकचा व्हिडिओ निरोप दर सोमवारी यायचा. हल्ली तो चुलतभावाच्या फोनवरून येई, कारण एर्मेकचा फोन पाण्यात पडला होता. छोटासाच निरोप. ‘आई, मी बरा आहे. काम फार आहे. तू गुडघा जप.’ ती तो दिवसातून पाच-सात वेळा बघायची.

सामत गेल्यावर तिनं आपाचं मे महिन्यातलं चित्रण काढलं. बुटकं मेज, मागे रजयांची चळत, डावीकडे खिडकी आणि चूल. मेजावर चहा. दोन तुकडे जोडताना चहाची पातळी जुळावी लागते, नाहीतर चहा आपोआप वाढल्यासारखा दिसतो. म्हणून ती हे सगळं वहीत टिपून ठेवायची. वहीत तिच्याच अक्षरात होतं: ‘वाडगा एक. चहा काठापासून बोटभर खाली.’

पडद्यावर मात्र दोन वाडगे होते.

“तोलोगोन बायके,” तिनं वडीलधाऱ्याला मारावी तशी हाक मारली, “आपाकडे तेव्हा आणखी कोण बसलं होतं?”

“कोणी नाही. का गं?” तो दारातूनच म्हणाला. मग आत येऊन वाकून बघत राहिला. “माझा असेल.”

“तुम्ही चहात दूध घेत नाही.”

त्या दुसऱ्या वाडग्यातला चहा दुधाळ होता. तोलोगोननं चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं.

तिनं तो सलाम खालून कातरला, मेज दिसणार नाही इतपत. रविवारी तो लागला. मेलिसनं घरी कळवलं, आपा तरतरीत दिसते.

दुसऱ्या गुरुवारी तिनं हिरव्या रुमालातला सलाम घेतला. आपा म्हणाली, “मेलिस, बाळा, छाती झाकून राहा. वारा वाईट असतो.” इतकं वहीत होतं. त्यापुढे आपानं मान डावीकडे वळवली, चुलीच्या बाजूला, आणि हलक्या आवाजात म्हणाली, “ह्यालाही तेच सांगते, पण ऐकतो कुठं? असल्या थंडीत पातळ जाकीट घालून आलाय. सरक रे, विस्तवाजवळ सरक.”

अनारकाननं ते चार वेळा ऐकलं. मग तोलोगोनला बोलावून हेडफोन त्याच्या हातात दिला. तो उभ्यानं ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्यानं मेजाची कड धरली.

“काय म्हणतेय?” तिनं विचारलं.

“छाती झाकून राहा, म्हणते.”

“आणि पुढे?”

“पुढे काही नाही.” त्यानं हेडफोन मेजावर अलगद ठेवला. “म्हातारी बाई, काहीतरी पुटपुटते. काढून टाक ते.”

तो बाहेर गेला. बर्फ भुरभुरत होतं आणि त्याचा कोट खुंटीवरच राहिला होता. खिडकीतून तिला दिसलं, तो अंगणात नुसताच उभा होता, पाठमोरा, बराच वेळ.

शुक्रवारी तिनं नेहमीप्रमाणे कढई ठेवली. सात पोळ्या तळायच्या, तेलाचा वास घरभर होऊ द्यायचा, कुराणातली आयत म्हणायची आणि गेलेल्यांची नावं घ्यायची. त्या वासानंच ती माणसं जेवतात. वडील, आई, नवरा. आता झेनेप आपाचंही नाव तिनं जोडलं. नावं संपली तरी तळवे मिटावेसे वाटेनात. कोणीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं. तिनं पुन्हा बोटांवर मोजलं. चारच होते.

तिसऱ्या गुरुवारी तोलोगोन कामावर आला नाही. तिनं शेवटचा सलाम लावला. पांढरा रुमाल.

पांढरा रुमाल वहीत नव्हता.

आपा या वेळी मेलिसचं नाव घेत नव्हती. ती सरळ कॅमेऱ्यात बघत होती. तिच्या पुढ्यात वाडगा होता आणि डावीकडे दुसरा. या दुसऱ्या वाडग्यात काहीतरी तरंगत होतं. अनारकाननं चित्र मोठं केलं.

कुरुत होतं. वाळवलेल्या दह्याची ती खारट गोळी चहात बुडवून कोणी खात नाही. एर्मेक खायचा. लहानपणापासून. “चहाची कढी करतोय मेला,” म्हणून तिची नणंद त्याला चिडवायची.

“शुक्रवारी वास येतो,” आपा म्हणाली. “आईनंच तळलंय, म्हणतो. पण नाव घेतल्याशिवाय वाढून कसं घेणार? वाडगा भरलेला, आणि हा बसलाय नुसता बघत. तू त्याचं नाव घेत नाहीस, अनारकान.”

तिनं चित्र थांबवलं.

खोलीत नदीचा आवाज होता. हीटर टिकटिकत होता. तिनं पिशवीतून फोन काढला आणि एर्मेकचा सोमवारचा निरोप लावला. इतके दिवस तो तिनं आई म्हणून बघितला होता. आज पहिल्यांदा संकलक म्हणून बघितला.

‘आई, मी बरा आहे.’ जाकिटाची चेन गळ्यापर्यंत. पापणी मिटली, उघडली. ‘काम फार आहे.’ चेन छातीपर्यंत उतरलेली. पुन्हा पापणी. ‘तू गुडघा जप.’ खिडकीतला उजेड दुसऱ्याच वेळेचा.

जोड पापणीत लपवायचा. बघणाऱ्याचा डोळाही तेव्हाच मिटतो आणि सांधा दिसत नाही. हे कसब या वाहिनीत तिच्याखेरीज एकाच माणसाकडे होतं. त्यानंच ते तिला शिकवलं होतं. आणि एर्मेकनं वसंतातल्या सणाच्या कार्यक्रमासाठी पाठवलेलं तासाभराचं चित्रण त्याच माणसाच्या कपाटात होतं.

तिनं मागच्या सोमवारचा निरोप बघितला. त्याच्या मागचाही.

अंगणात पावलं वाजली. तिनं खिडकीतून बघितलं. तिचा थोरला भाऊ, मशिदीत नमाज पढवणारे मोल्दो, पांढरे रुमाल बांधलेल्या दोन बायका आणि मागे तोलोगोन. सगळे अगदी सावकाश चालत होते. अशी बातमी पोचवणाऱ्यांनी घाई करायची नसते.

जिन्यावर पावलं चढली. दार उघडलं. भावानं बोलायला तोंड उघडलं, पण तिची नजर त्याच्या मागे होती.

“बायके,” ती हळूच म्हणाली, “पापण्या छान पकडल्यात.”

तोलोगोन चौकटीला टेकला आणि खाली बसला. “तीन आठवडे, अनारकान,” तो म्हणाला. “कागद अडकले होते. त्याला घरी आणलं नाही तोवर सांगायचं नाही, असं ठरलं. आज पहाटे आणलं. परांची कोसळली त्याच्यावर.” बायका तिच्या दोन्ही बाजूंना येऊन बसल्या आणि त्यांनी तिचे हात धरले.

तिनं ते सोडवून घेतले. तळवे उघडले. आयत म्हटली, पुटपुटत, एकही अक्षर न चुकवता. वडील. आई. नवरा. झेनेप आपा.

“एर्मेक,” ती म्हणाली.

तळवे चेहऱ्यावरून फिरवून तिनं डोळे उघडले. समोर पडदा होता. चित्र तिनं थांबवलं होतं तिथंच थांबलेलं होतं, आपाचा हात मेजावर होता तसाच.

दुसऱ्या वाडग्यातला चहा बोटभर उतरला होता.