चोर पळाला नाही त्या वर्षी

मी गोळी झाडली आणि नेमका त्याच क्षणी तो कचेरीच्या कोपऱ्यावरून वळला.

काडतूस खोटंच होतं, नुसता आवाज. पण त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! त्याचे दोन्ही हात वर गेले आणि अंड्यांची पिशवी थेट पायरीवर आपटली.

"बाई," हात तसेच वर ठेवून तो म्हणाला, "माझं काही चुकलं असेल... पण अंड्यांनी काय केलं होतं?"

मला हसू आवरेना. "तुम्हीच मध्ये आलात. मी चोराला मारत होते."

"कुठाय चोर?"

"अजून मिळायचाय."

नाटक बसवणाऱ्या मर्टल आत्यानं त्याला चष्म्यावरून न्याहाळलं. उंच, उन्हानं रापलेला, केसांत गव्हाचा भुसा...

"मिळाला," आत्या म्हणाली.

आमचं कॉटनवुड बेंड म्हणजे चार गल्ल्या, एक धान्याचं कोठार आणि एक कचेरी. पण कचेरीवरची घंटा आमचा जीव की प्राण. जिल्ह्याचं मुख्य ठिकाण होण्याचा मान आम्हाला मिळाला म्हणून जळफळाट होऊन शेजारच्या फेअरव्यूवाल्यांनी ती घंटा चोरायला माणूस धाडला होता. माझ्या पणजीनं, अडेलियानं, एका गोळीत त्याला ओढ्यापार पळवलं. दर जुलैत गाव हे नाटक करतं. ज्याचा पूर्वज, त्यानंच त्याचं काम करायचं. म्हणून मी अडेलिया. चोराचं मात्र इथे कुणीच नाही. त्यामुळे दर वर्षी कुणीतरी उपरा धरून आणावा लागतो.

या वर्षीच्या उपऱ्याचं नाव ग्रेडी. ओक्लाहोमाचा. कापणीयंत्रं घेऊन आलेल्या टोळीतला. ही माणसं पिकत्या गव्हामागून उत्तरेला सरकत जातात. गहू संपला की ती गेली. त्यांच्यात जीव गुंतवायचा नाही, हे आमच्याकडच्या मुलींना कुणी सांगावंही लागत नाही.

मला ठाऊक होतं. चांगलं ठाऊक होतं...

मग पाऊस लागला. गावातला सगळा गहू कापून झाला होता, फक्त आमचं शेत उभं होतं. ओल्या गव्हात यंत्र घालत नाहीत. टोळी अडकली आणि आमच्या तालमी लांबत गेल्या. कचेरीच्या पडवीत पत्र्यावर सरी वाजायच्या आणि ग्रेडी घंटेचा दोर हातात घेऊन म्हणायचा, "अडेलियाबाई, जरा सावकाश मारा हं. कालची अजून दुखतेय."

"कुठे?"

तो नुसता बघायचा... आणि मीच आपली बंदूक उगाच पुसत बसायची.

"चोर पकडला गेला असता तर?" एकदा त्यानं विचारलं.

"तर कैदेत."

"किती दिवस?"

"गुन्हा किती मोठा, त्यावर."

"मोठा आहे गं," तो हळूच म्हणाला. त्या दिवसापासून आम्ही 'तुम्ही' विसरलो.

पाऊस थांबला. बाबांनी ओंबी तळहातावर चोळली, फुंकर मारली, चार दाणे माझ्या हातावर ठेवले. चावल्यावर दाण्याचा कडकन आवाज झाला तर गहू सुकला, दाबला गेला तर ओला. आमच्या घरी माझ्या दातांवर बाबांचा फार भरवसा.

मी चावले. कडकन!

"ओला आहे, बाबा."

बाबांनी स्वतः दोन दाणे तोंडात टाकले, माझ्याकडे पाहिलं. "दात किडले की काय गं तुझे?" एवढंच म्हणाले आणि वर बघू लागले. पश्चिमेला ढग चढत होते. गारा पडल्या तर वर्षाची मेहनत मातीत. मला एकदम रडूच आलं.

"सुकलाय, बाबा. कालपासूनच सुकलाय."

"मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "कालच चावून पाहिला होता मी."

नाटकाच्या दिवशी दुपारपर्यंत आमचं शेत मोकळं झालं. ट्रक भरून ओढ्यापलीकडे उभे राहिले. टोळीच्या मुकादमानं ग्रेडीला बजावलं होतं, "गोळी वाजली की पूल ओलांडून थेट ट्रकमध्ये ये. आपल्याला उत्तरेला डाकोटा गाठायचंय." म्हणजे मीच त्याला पळवायचं होतं. माझ्याच हातानं!

सारं गाव बाकांवर जमलं होतं. वाटेच्या दोन्ही बाजूंना पोरं पिलपिलीत टोमॅटो घेऊन टपलेली, चोराला निरोप तसाच द्यायचा असतो. ग्रेडी घंटेचा दोर धरून वळला. मी बंदूक उचलली... आणि बोट हलेना.

"गोळी!" पडद्याआडून मर्टल आत्या.

मी तशीच.

"थीया," ग्रेडी पुटपुटला, "झाड ना."

"नाही."

"अगं, तू झाडल्याशिवाय मी पळू कसा?"

"म्हणूनच नाही झाडत!"

हे हळू बोलायचं होतं. पण पहिल्या बाकानं ऐकलं, म्हणजे गावानं ऐकलं.

"पोरी, इतिहास असा नाहीये!" आत्या रडकुंडीला आली.

"माहीत आहे, आत्या."

पलीकडून ट्रकचा भोंगा वाजला. एकदा... पुन्हा एकदा, लांबलचक. ग्रेडीनं पुलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. 

त्यानं दोर सोडला, दोन्ही हातांचा कर्णा केला आणि ओरडला, "मुकादम... माझं गाठोडं खाली उतरवा!"

 मग पलीकडून उत्तर आलं, "गाढवा, हे कालच सांगायचंस की! तुझं गाठोडं सगळ्यात तळाशी आहे!"

गाव खदखदून हसलं. मी हसत होते, रडत होते, काय करत होते कोण जाणे. पोरं मात्र गोंधळली. एकानं बाबांना विचारलं, "काका, चोर तर पळतच नाहीये. आता टोमॅटो मारायचे का नाही?"

बाबांनी ग्रेडीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नांगरता येतं का रे तुला?"

"येतं, साहेब."

"मग मारा," बाबा पोरांना म्हणाले. "इथे राहायचं तर सवय हवी."

पहिला टोमॅटो ग्रेडीच्या कानावर फुटला. दुसरा मला लागला. तोवर मी पळत जाऊन त्याच्या अगदी शेजारी उभी राहिले होते ना!